छोटी मोटरबोट वेगात वळवताना ट्रिम टॅब (बोटीच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना बसवलेल्या, वर-खाली करता येणाऱ्या सपाट पट्ट्या) खाली ठेवावेत का?

नाही, वेगात तीव्र वळण घेण्यापूर्वी दोन्ही टॅब पूर्ण, निदान बरेचसे, वर घ्यावेत आणि वेग उतरवावा. खाली असलेल्या टॅबवर पाण्याचा दाब येऊन बोटीचा मागचा भाग उचलला जातो, त्यामुळे नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यात रुतते आणि वळताना तिथेच खुंटी रोवल्यासारखी बोट अडून मागचा भाग बाहेरच्या बाजूला झटक्याने फेकला जातो. लाटा मागून येत असतील तर धोका अधिकच. एकच टॅब खाली राहिला असल्यास बोट विरुद्ध बाजूला आधीच कललेली असते, आणि चालकाच्या हे बहुधा वळणातच लक्षात येते. मात्र समोरून बारीक लाटा असताना, सौम्य वळणासाठी टॅब किंचित खाली ठेवायला हरकत नाही.