डेडस्टॉकमधली भट्टी आणि पेपरमधलं तापमान

प्रिय विद्यार्थी मित्रा,

डेडस्टॉकमधली (वापरात नसलेल्या सामानातली) मफल फर्नेस, म्हणजे नमुने भाजायची विजेची बंद भट्टी, निर्लेखनात (भंगारात) जाण्याआधी मागून घेतलीस, हे उत्तम केलंस. एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्यासाठी) नमुना संभाजीनगरला विद्यापीठात पाठवता येतो. भाजायला मात्र भट्टी हाताशीच लागते.

लगेच प्लग लावू नकोस. दाराभोवतीची जुनी दोरी आणि करडे पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत असंच धरून चाल. कोरडं खरवडायचं नाही, ब्लोअर तर मुळीच मारायचा नाही. पाणी फवारून ओलं असतानाच काढ आणि जाड पिशवीत बंद कर. कापडी मास्क इथे कामाचा नाही, एन-९५च्या वरचा फिल्टरवाला घे.

मग मल्टिमीटर. पाटीवर २३० व्होल्ट, ३.५ किलोवॅट असेल तर कॉइल १५ ओहमच्या आसपास दाखवायला हवी. कँथलचा (कॉइलच्या मिश्रधातूच्या तारेचा) रेझिस्टन्स तापल्यावर जेमतेम चार टक्के वाढतो, त्यामुळे थंड मोजमाप चालतं. वापरलेली कँथल वायर थंड असताना वाकवलीस तर काडीसारखी तुटेल. तापमान सांभाळणारा कंट्रोलर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) कॉइल आणि बॉडीमधलं इन्सुलेशन बघ. एक मेगाओहमच्या खाली आलं तर बहुधा विटांनी पावसाळ्यातली ओल धरलेली असते. अर्थिंग पक्कं करून, दार किलकिलं ठेवून ११०-१५० अंशांवर पाच-सहा तास वाळव, पुन्हा मोज.

खरी गडबड थर्मोकपलच्या (दोन धातूंच्या तारांच्या तापमान-सेन्सरच्या) वायरीत असते. के-टाइप या नेहमीच्या थर्मोकपलच्या डोक्यापासून (बाहेरच्या जोडणीपासून) कंट्रोलरपर्यंत कोणीतरी साधी तांब्याची वायर जोडलेली सापडेल. डोकं ७० अंशांवर आणि कंट्रोलर ४० वर असला, की डिस्प्ले सुमारे ३० अंश कमी दाखवतो. तू ९०० समजून भाजतोस, आत असतात ९३०! के-टाइपसाठीचीच कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची वायर) टाक. तापवताना आकडा उतरायला लागला तर प्लस-मायनस उलटे झालेत.

एसएसआर (कॉइलची वीज चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले) ४० अँपिअरचा घे, हीटसिंकसकट. तो बिघडला की बहुतेकदा शॉर्ट होतो, म्हणजे भट्टी बंदच होत नाही. म्हणून वेगळ्या थर्मोकपलवरचा ओव्हरटेंपरेचर कटआउट (तापमान फार चढलं की तोडणारा) आणि वीज तोडणारा काँटॅक्टर (मोठा स्विच) हवाच. इथे पैसे वाचवू नकोस.

आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं, की भट्टीची पॉवर ६८ टक्क्यांवर येते. कॉइलला दोष देण्याआधी व्होल्टेज बघ. लाइट जाऊन आल्यावर प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून धावतो की होल्डवर (आहे तिथेच) थांबतो, ते सेटिंग आधीच तपास.

शेवटी पडताळणी. एआर ग्रेड (प्रयोगशाळेतलं शुद्ध) मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, १२० अंशांवर वाळव (नाहीतर तडतडून उडतं), चिमूटभर झाकणाच्या ॲल्युमिना क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) नमुन्याच्या जागी ठेव. ७८० पासून पाच-पाच अंश चढव, प्रत्येक टप्प्यावर वीस मिनिटं थांब. सोडियम क्लोराइड ८०१ ला वितळतं; त्या वेळी डिस्प्ले किती दाखवतो, त्यावरून त्याची चूक कळते. जास्त मीठ टाकू नकोस, त्याची वाफ कॉइल खाते.

हे झाल्यावर पेपर वाचायला मजा येते. अर्काइव्ह (arXiv, प्रीप्रिंट म्हणजे छापण्याआधीचे पेपर मोफत देणारी वेबसाइट) वरचा मटेरियल्स सायन्सचा विभाग आठवड्यातून एकदा चाळ. सरकारी महाविद्यालय असेल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून बरीच जर्नल्स मिळतील, ग्रंथपालांना विचार. सारांशाआधी प्रायोगिक पद्धत वाच: तापमान, किती तास, हवा की व्हॅक्यूम, तापवण्याचा वेग. हे चार तपशील नसतील तर पेपर बाजूला ठेव, मग जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचे संदर्भ किती घेतले जातात त्याचा आकडा) कितीही असो.

जुलै २०२३ मधलं एलके-९९ हे शिकायला चांगलं उदाहरण. ९२५ अंशांवर भाजलेला हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक (विजेला शून्य रेझिस्टन्स असलेला) असल्याचा दावा होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेकांनी तो बनवून पाहिला, अतिवाहकता सापडली नाही. पुरावा म्हणून दाखवलेली रेझिस्टन्समधली अचानक उडी अशुद्धी म्हणून राहिलेल्या कॉपर सल्फाइडची होती, कारण त्याची रचना १०४ अंशांच्या सुमारास बदलते. मूळ प्रीप्रिंट आणि तो खोडणारे हे पेपर एका बैठकीत वाच.

कॉइलचा थंड रेझिस्टन्स, पाटीवरचे वॅट आणि चेंबरची मापं कळव. नवी कॉइल लागलीच तर वायर कोणत्या गेजची (जाडीची) घ्यायची ते त्यावरून ठरवू.

तुझा,
एक जुना प्रयोगशाळावाला