पिल्लाची आई पाहिली का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे ‘कोणता कुत्रा पाळावा’ या एकाच प्रश्नाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो. ११ वर्षांच्या मुलाला कुत्रा हवा आहे. परंतु सासऱ्यांना दम्याचा जुना त्रास आहे. पुण्यातील एक विक्रेता लॅब्राडूडलचे, म्हणजे लॅब्रॅडॉर आणि पूडल यांच्या संकराचे, पिल्लू ६०,००० रुपयांना देतो आहे. या कुत्र्याचे केस गळत नाहीत, त्याची अ‍ॅलर्जी होत नाही आणि संकर असल्यामुळे त्याला आजारही होत नाहीत, असे त्याने सांगितले. यजमानांचे म्हणणे असे की घ्यायचा तर कागदपत्रांसह अस्सल लॅब्रॅडॉरच घ्यावा. साताऱ्याच्या नणंदबाईंच्या परसात एक गावठी कुत्री व्यायली आहे आणि त्यांचा आग्रह त्यातील पिल्लू नेण्याचा आहे. तिघांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सुरुवात तुमच्या सासऱ्यांपासून करू, कारण पिल्लू कोणतेही आणले तरी श्वास त्यांना घ्यायचा आहे. कुत्र्याची अ‍ॅलर्जी केसांमुळे होते, हा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात ती कुत्र्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे होते. त्यांतले मुख्य प्रथिन ‘कॅन एफ १’ या नावाने ओळखले जाते. केस हे त्या प्रथिनाचे केवळ वाहन आहे. त्यामुळे केस कमी गळले म्हणजे अ‍ॅलर्जी टळली, असे होत नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅब्राडूडल, पूडल अशा ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचे केस तपासले गेले, तेव्हा त्यांत या प्रथिनाचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळले नाही.

लॅब्राडूडलची जन्मकथाही हेच सांगते. हवाई बेटांवरील एका अंध महिलेला वाटाड्या कुत्रा हवा होता आणि तिच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातील वाटाड्या कुत्र्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली, त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले गेले आणि त्या गृहस्थांना तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. म्हणजे एकाच आईबापांच्या, एकाच विणीतील सख्ख्या भावंडांतही तो गुण सर्वांत उतरला नाही. उरलेली पिल्ले संकरित म्हणून कोणी सांभाळायला नेईना, तेव्हा कॉनरन यांनी त्यांना ‘लॅब्राडूडल’ हे नाव दिले आणि लगेच मागणी सुरू झाली. पुढे त्या नावावर जो बाजार उभा राहिला तो पाहून स्वतः कॉनरन यांनीच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. तुम्हाला सांगितलेली किंमत बरीचशी त्या नावाची आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

आता ‘संकर म्हणून आजार नाहीत’ या विधानाविषयी. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते अधिक फसवे ठरते. अनेक आनुवंशिक आजार आई आणि बाप या दोघांकडून सदोष जनुक आले तरच प्रकट होतात. दोन वेगळ्या जातींचे दोष वेगळे असतील तर पहिल्या पिढीत ते झाकले जातात. परंतु दोष समान असेल तर संकराचा काहीही उपयोग नाही. दृष्टिपटल हळूहळू झिजवून अंधत्व आणणारा एक आजार लॅब्रॅडॉरमध्येही आहे आणि पूडलमध्येही आहे. खुब्याच्या सांध्याच्या सदोष घडणीचेही तसेच. अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २७,००० हून अधिक आजारी कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी अभ्यासलेल्या २४ आनुवंशिक आजारांपैकी १० आजार शुद्ध जातींत अधिक होते, एक मिश्र कुत्र्यांत अधिक होता आणि उरलेल्या १३ आजारांत दोघांत फरक नव्हता. तेव्हा संकर म्हणजे निरोगी हे जसे खरे नाही, तसेच शुद्ध म्हणजे रोगट हेही सरसकट खरे नाही.

एक गोष्ट विक्रेते कधीच सांगत नाहीत. न गळणारे केस जातात कुठे? ते अंगावरच राहतात आणि एकमेकांत अडकून त्यांच्या जटा होतात. गेल्या वर्षी श्रावणात माझ्या टेबलावर असा एक दीड वर्षाचा कुत्रा आला होता. वरून पाहता तो उशीसारखा गुबगुबीत दिसत होता. पण कानामागचे केस कातरायला घेतले तेव्हा ते घोंगडीच्या तुकड्यासारखे अखंड निघाले आणि खाली लालभडक, ओलसर, वास येणाऱ्या त्वचेवर गोचिडांची रांग चिकटलेली होती. घरची माणसे प्रेमळ होती, त्याला रोज आंघोळ घालत होती. रोज मुळापर्यंत विंचरावे लागते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कृष्णाकाठच्या दमट पावसाळ्यात ही निगा वर्षानुवर्षे राखणे सोपे नाही.

यजमानांच्या म्हणण्यालाही आधार आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वंशावळीत वाढलेल्या कुत्र्याचा आकार, केस आणि सर्वसाधारण स्वभाव आधी सांगता येतो आणि मुलांच्या घरात हा मोठा दिलासा असतो. मात्र वंशावळीचा कागद पूर्वजांची नावे सांगतो, त्यांचे सांधे आणि डोळे कसे होते हे सांगत नाही. म्हणून कागदाबरोबर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी मागावी. ‘डबल बोन’ हा शब्द कानी पडला तर सावध व्हावे, कारण तशी कोणतीही गोष्ट शरीरशास्त्रात नाही. जड, बसकट पिल्लाचा भाव वाढवण्यासाठी तो वापरला जातो आणि तेच वजन पुढे खुब्यांवर येते. लॅब्रॅडॉरची भूक हाही चेष्टेचा विषय नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. असा कुत्रा हावरट नसतो, त्याला खरोखरच भूक लागलेली असते. आणि आजोबांच्या ताटातली अर्धी पोळी रोज मिळाली की चार वर्षांत त्याला तुमच्या इमारतीचा जिना चढवेनासा होतो.

राहिले नणंदबाईंचे पिल्लू. गावठी कुत्रा म्हणजे चार जातींची खिचडी, असे अनेकांना वाटते. हे बरोबर नाही. आज ज्यांना आपण जाती म्हणतो त्यांतील बहुतेक गेल्या दीडदोनशे वर्षांत वंशावळी बंदिस्त करून घडवल्या गेल्या. गावठी कुत्रा त्या सर्वांच्या आधीपासून माणसाजवळ आहे. आखूड केस, मध्यम बांधा आणि आपल्या उन्हाळ्याची सवय ही त्याची बलस्थाने आहेत. उणी बाजूही सांगतो. तो सावध असतो, त्यामुळे जिन्यातल्या प्रत्येक पावलाला भुंकू शकतो, आणि वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसे, मुले, मिक्सरचा आवाज, रिक्षा हे सर्व त्याच्या ओळखीचे झाले नाही तर पुढे तो बुजरा राहतो.

माझा कौल याच पिल्लाच्या बाजूने आहे आणि त्याचे मुख्य कारण असे की त्याची आई तुमच्या डोळ्यांसमोर आहे. ती परक्या माणसाला पिल्लांजवळ येऊ देते का, हाताळू देते का, तिची त्वचा आणि डोळे कसे आहेत, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. पुण्याच्या विक्रेत्याकडे आईची चौकशी करा. ‘आई फार्मवर आहे, फोटो पाठवतो’ असे उत्तर आले तर तिथेच थांबा. सासरेबुवांना आठ दिवस लेकीकडे राहू द्या. त्यांनी रोज त्या कुत्रीजवळ आणि पिल्लांजवळ बसावे. प्रत्येक कुत्र्याचे प्रमाण वेगळे असल्यामुळे ही परीक्षा अंतिम नाही, तरीही छाती भरून आली तर उत्तर पदरात पडेल आणि तेव्हा मुलाची समजूत घालून कुत्रा न आणणे हेच योग्य ठरेल. त्रास झाला नाही तर छातीच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन, पिल्लू पूर्ण आठ आठवड्यांचे झाल्यावरच आणावे, जंताचे औषध आणि लसी वेळेवर द्याव्यात आणि आजोबांच्या झोपण्याच्या खोलीत त्याला कधीही प्रवेश देऊ नये.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझ्याकडे तीन वर्षांची कारवान कुत्री आहे. शेतावर राखणीला असते. काही मंडळी म्हणतात, तिला ग्रेट डेनचा नर लावा, पिल्ले दांडगी होतील आणि भावही चांगला येईल. दुसरे म्हणतात, परदेशी ग्रेहाउंड लावा, म्हणजे सशामागे धावायला वेग वाढेल. काय करावे?
— एक शेतकरी, जत तालुका

उत्तर : दोन्ही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण ज्याला कारवान म्हणतो आणि सीमेपलीकडे ज्याला मुधोळ म्हणतात, तो कुत्रा मुधोळ, जत, विजापूर या माळरानांनी घडवला आहे. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब निमुळते तोंड, उन्हात टिकणारी पातळ कातडी यांतील एकही गोष्ट शोभेची नाही. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली त्यांत मुधोळ होता आणि २०१६ मध्ये सैन्यदलाने मेरठच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण सुरू केले. ज्या कुत्र्याची दखल बाहेर घेतली जाते, तो आपल्याच मुलुखात भेसळीने विरत चालला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ग्रेट डेनबद्दल सांगायचे तर त्याचे आयुष्य कमी असते, अनेकदा आठ-दहा वर्षांच्या आतच संपते, आणि खोल छातीच्या त्या अवाढव्य देहात पोटाला पीळ पडण्याचा धोका फार मोठा असतो. कारवानच्या हलक्या हाडांवर ते वजन लादल्यास निपजणारे पिल्लू ना धावणारे ना राखण करणारे. शिवाय नर आकाराने फार मोठा असेल तर विताना कुत्री अडण्याची भीती असते आणि जतहून रात्री-अपरात्री मिरज गाठेपर्यंत काय होईल, याचा विचार करा. ग्रेहाउंडबद्दल अधिक लिहीत नाही, कारण सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

कुत्रीची पैदास करायचीच असेल तर नात्यातला नसलेला, चांगल्या स्वभावाचा कारवान नर शोधा. पिल्ले विकण्यासाठी पैदास करणाऱ्यांना २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणी बंधनकारक आहे. कुत्री किमान १८ महिन्यांची असावी लागते, वर्षात एकापेक्षा अधिक वेळा व आयुष्यात पाचापेक्षा अधिक वेळा तिला विऊ देता येत नाही आणि आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकता येत नाही. आणखी एक : कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर ती कारवान आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते आणि भुलीच्या काही औषधांचा अंमल उतरायला त्यांना वेळ लागतो.

प्रश्न : आमचे घर कराड तालुक्यात उसाच्या फडाला लागून आहे. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांना वाघापासून वाचवणाऱ्या खंड्याची माहुलीची समाधी पाहून आल्यावर मुलांनी आमच्या गावठी कुत्र्याचे नाव खंड्या ठेवले. रात्री त्याला अंगणात साखळीने बांधतो. शेजारच्या वस्तीवरील दोन कुत्री बिबट्याने नेली. धाकटे बंधू म्हणतात, गावठी कुत्रा काय टिकणार, रॉटवायलर आणि बुली यांचा संकर आणू, तो बिबट्याला पुरून उरेल.
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : बिबट्याला एकटा पुरून उरेल अशी कुत्र्याची कोणतीही जात नाही, शुद्ध नाही आणि संकरितही नाही. साखळीला बांधलेला कुत्रा तर ना लढू शकतो ना पळू शकतो. माहुलीच्या खंड्याची जी कथा सांगतात, त्यातही तो मोकळा होता आणि शिकारीला निघालेल्या माणसांच्या सोबत होता, एवढे बंधूंच्या लक्षात आणून द्या.

त्यांना हवा असलेला संकर मी पाहिला आहे. ४०-४५ किलोचे, जबड्याने अतिशय ताकदवान जनावर, त्याला दिवसभर बांधून ठेवले, माणसांत मिसळू दिले नाही, तर बिबट्याशी त्याची गाठ कधी पडेल न पडेल, शेजारच्या मुलाशी मात्र नक्की पडते. माझ्याकडे आणलेल्या अशा एका कुत्र्याच्या गळ्यात साखळी रुतून बोटभर खोल जखम झाली होती आणि मालकाचीही त्याच्याजवळ जाण्याची हिंमत उरली नव्हती. त्याची आई कोण, ती कशी होती, हे मालकाला ठाऊक नव्हते. गावोगाव विक्री करणाऱ्या एकाकडून त्याने ते पिल्लू टेम्पोच्या मागच्या फळीवरून उचलले होते.

तुमच्या घराला खंड्या पुरेसा आहे. फडात काही हलले की तो भुंकून तुम्हाला उठवतो, एवढेच राखणदाराचे काम आहे आणि ते गावठी कुत्रा उत्तम करतो. दिवे लागायच्या वेळी त्याला साखळीतून सोडून पडवीत किंवा गोठ्यात, दार आणि जाळी पक्की लावून आत घ्या. अंगणात खरकटे, कोंबड्यांची पिसे टाकू नका, कारण त्या वासाने भटकी कुत्री येतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. रेबीजची लस दर वर्षी द्या. बंधूंना सांगा की नव्या कुत्र्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून आधी गोठ्याचे दार दुरुस्त करावे.