भावाच्या जगण्याचा दर्जा: आधी बघा, फॉर्म भरला कोणी?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लातूरला २७ वर्षांचा भाऊ, ऑटिझमचं निदान झालेलं, लिहिता-वाचता येतं, बोलणं मोजकं. एक विद्यार्थिनी अभ्यासासाठी जगण्याचा दर्जा मोजणारा २६ प्रश्नांचा फॉर्म घेऊन आली, तो आईनं भरला. सामाजिक भागात गुण अगदी तळाला आले आणि घरात विषय निघाला, 'लग्न लावून दिलं तर सुधारेल का?' मी नांदेडला प्रौढ दिव्यांगांच्या कार्यशाळेत शिकवते, असले फॉर्म भरून घेण्याचं कामही माझ्याकडेच असतं, म्हणून जरा लांबण लावते.

लग्नाचं आधी सांगून टाकते. त्या आकड्यावरून तो विचार करूच नका. कोणाच्या तरी लेकीला फॉर्मातल्या रिकाम्या रकान्यावरचं औषध म्हणून घरात आणायचं, हे मला पटत नाही.

आता फॉर्म. तुमच्या वर्णनावरून तो जागतिक आरोग्य संघटनेचा 'डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ' दिसतो. सुरुवातीचे २ प्रश्न एकंदर, मग शरीराचे ७, मनाचे ६, नात्यांचे ३ आणि परिसराचे ८. सामाजिक म्हणतात तो भाग एवढाच, ३ प्रश्नांचा: नात्यांबद्दल समाधान, लैंगिक जीवनाबद्दल समाधान, मित्रांकडून मिळणारा आधार. मधल्या प्रश्नावर आईनं काय खूण केली असेल, सांगा बरं? आपल्याकडे आया तिथं एकतर रेघ मारतात, नाहीतर 'अजिबात समाधानी नाही' करून मोकळ्या होतात. तिनातला एक असा गेला की उरलेल्या दोनांवर किती भार टाकायचा?

मित्राचंही तसंच. आईच्या लेखी मित्र म्हणजे घरी येणारा, चहा घेणारा, लग्नकार्यात पंगतीला वाढणारा. आमच्याकडचा एक मुलगा रोज सकाळी लातूर बाजार समितीतला सोयाबीनचा भाव दुसऱ्या एका मुलाला मोबाइलवर पाठवतो. तो उलट तुरीचा पाठवतो. दोघं भेटत नाहीत, फोनवर बोलत नाहीत. भाव आला नाही तर मात्र दुपारपर्यंत याचं चित्त थाऱ्यावर नसतं. ही मैत्री बाहेरच्या कोणाला दिसणार कशी?

आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जगण्याचा दर्जा म्हणजे माणसाला स्वतःला आपलं स्थान कसं वाटतं ते. त्याच्या संस्कृतीत, त्याच्या मूल्यांत, त्याच्या अपेक्षांच्या हिशेबानं. मग आईचं उत्तर खोटं का? नाही, पण ते आईचं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढ आणि त्यांच्या आया, दोघांकडून हीच माहिती घेतली होती. मुलांच्या उत्तरांचा संबंध निघाला ताणाशी आणि वरचेवर झालेल्या छळाशी, चिडवण्याशी. आयांच्या उत्तरांचा निघाला रोजची कामं स्वतः करता येण्याशी आणि तब्येतीशी. आई बघते, लेकरू आपल्या हातानं जेवतं का, आंघोळ करतं का. लेकराच्या डोक्यात असतं, गल्लीतली पोरं आज परत हसतील का.

तुम्ही दिव्यांग प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांचंही लिहिलंय. ते टक्के 'इसा' नावाच्या, ऑटिझमसाठीच्या भारतीय मापनपट्टीवरून येतात. तिच्यात ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ऑटिझमची तीव्रता कळते, बस. सवलतींसाठी, सरकारच्या 'निरामय' आरोग्य विम्यासाठी तो कागद जपून ठेवा, पण टक्के जास्त म्हणजे जगणं वाईट असा हिशेब मांडू नका. २००६ च्या एका बेल्जियन अभ्यासात तर जगण्याच्या दर्जाचा संबंध तीव्रतेपेक्षा, आपल्याला किती आधार आहे असं त्या माणसाला वाटतं, याच्याशी निघाला होता. (त्या अभ्यासातले लोक बौद्धिक अडचण नसलेले होते, एवढं लक्षात असू द्या.)

भावाला स्वतःला विचारायचं तर एका बैठकीत २६ प्रश्न नकोत. रोज दोन-तीन, लिहून द्या, उत्तरही लिहून किंवा पाच कार्डांपैकी एकावर बोट ठेवून घ्या. आई समोर नको, तुम्हीही जरा बाजूला बसा. 'किती समाधानी आहेस' हा प्रश्न अनेकांना हवेत वाटतो. आत काय वाटतंय ते ओळखणंच काहींना अवघड जातं. फॉर्म विचारतो गेल्या दोन आठवड्यांचं, तर कॅलेंडरवर ते दिवस दाखवा: या दिवशी पाहुणे होते, या दिवशी दवाखाना. प्रश्नाचे शब्द बदलले तर तसं शेजारी लिहून ठेवा, नाहीतर गुणांची तुलना करता येत नाही.

आणि दिवस बघून विचारा. लग्नसराईत दारापुढं डीजे वाजत असताना मनाचे गुण कमी येणारच. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला सगळे शेतात जेवायला जातात तेव्हा, उलटंही होतं: कुणाला वावरातली मोकळी हवा आणि भज्जी-आंबील आवडते, कुणाला तीच माणसांची गर्दी नको होते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा.

या मुख्य फॉर्मात आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास नेमका विचारलेलाच नाही. त्यासाठी ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून 'एएसक्यूओएल' नावाची ९ प्रश्नांची पुरवणी तयार केली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. संवेदनांचा त्रास, मैत्री, आरोग्यसेवा घेताना येणारे अडथळे, आपण ऑटिस्टिक आहोत हे स्वतःला कितपत मान्य आहे, असं त्यात येतं. विद्यार्थिनीला ती माहीत आहे का, विचारा.

परिसराच्या भागात दवाखाना, प्रवास, पैसा, घर, सुरक्षितता येते. तिथं गुण कमी आले असतील तर त्यात भावाचा काय दोष? एसटी स्टँडवरचा कर्णा त्यानं नाही लावला.

आईनं भावाचं कायदेशीर पालकत्व घेण्याचंही विचारलंय. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आईला ते मिळालं तर त्याच्या वतीनं कागदावर सही करता येईल. 'मी समाधानी आहे का' याचं उत्तर तरीही त्याच्याकडूनच घ्यावं लागेल.

तूर्त एवढं करा. विद्यार्थिनीला सांगून आईच्या फॉर्मावर 'उत्तर देणारी: आई' असं लिहून घ्या आणि भावासाठी एक कोरा मागा. आईला दुसऱ्यांदा भरायचा असेल तर 'माझा मुलगा इथं काय उत्तर देईल' असा विचार करून भरायला सांगा, आणि तोही वेगळाच ठेवा. आईच्या आणि भावाच्या फॉर्मांत जिथं सगळ्यात जास्त फरक पडेल, ते प्रश्न इथं टाका, त्यावर बोलू.