कामानिमित्त प्रथमच लंडनला जाताना

कंपनीच्या कामासाठी तुम्ही प्रथमच लंडनला निघाला आहात, तेव्हा माझा आग्रह असा की, शक्य असल्यास शनिवारी सकाळीच पोहोचावे, म्हणजे सोमवारी कार्यालयात जाण्यापूर्वी शहराशी निवांत ओळख होते. हीथ्रो विमानतळाहून एलिझाबेथ लाइन या रेल्वेने थेट मध्य लंडन गाठता येते. त्यासाठी वेगळे तिकीट लागत नाही. मात्र स्थानकात शिरताना जे कॉन्टॅक्टलेस कार्ड (नुसते टेकवून पैसे भरता येणारे बँकेचे कार्ड) टेकवले, तेच बाहेर पडतानाही टेकवावे, अन्यथा जास्तीत जास्त भाडे कापले जाते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. आपला प्लग तेथे बसत नाही, म्हणून अडॅप्टर सोबत असू द्यावा.

ऋतूचा विचार मात्र गांभीर्याने करावा. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कार्यालयातून निघेपर्यंत काळोख झालेला असतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत आवर्जून बाहेर पडावे. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, आणि टेम्सच्या दक्षिण काठाने वेस्टमिन्स्टरपासून टॉवर ब्रिजपर्यंत चालत जाण्याइतके सुख दुसऱ्या कशात नाही, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेश विनामूल्य असल्याने ते एका दिवसात उरकण्याची घाई करू नये.

10, किंग हेन्रीज रोड हे घर मात्र चुकवू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये येथे राहत होते, आणि 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ही वास्तू विकत घेतली. चॉक फार्म स्थानकापासून ती पायी अंतरावर आहे. निघण्यापूर्वी भेटीच्या वेळा तेवढ्या पाहून घ्याव्यात.