'लस टोचली ना, मग ते दुसरं इंजेक्शन कशाला?'

ताई, मुलीच्या पोटरीला कुत्र्याचा चावा, भळाभळा रक्त, सोमवारी रेबीजची लस आणि 'इम्युनोग्लोब्युलिनचं (म्हणजे तयार अँटिबॉडीच्या इंजेक्शनचं) नंतर बघू' म्हणत घरी रवानगी. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी मुलाला घेऊन आम्हीही पंचवटीत असेच घरी परतलो होतो. जखम साबणाने धुतली असेलच, त्यावर लिहीत नाही.

तुमचाच प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात होता. अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिनं, लसीनेच तयार होतात, मग वेगळ्या विकत कशाला घ्यायच्या? इथेच मी फसलो. मी अंबडला कारखान्यात आहे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. लस म्हणजे फक्त ऑर्डर. पेशींनी विषाणू ओळखायचा, त्यांची संख्या वाढायची, मग माल निघणार. त्यात सात ते चौदा दिवस जातात. तोवर विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरला, तर अँटिबॉडीचा हात तिथे नीट पोहोचत नाही. म्हणून तयार माल, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन (बोलीत 'सीरम'), थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. त्याऐवजी नुसता दंडात टोचून भागत नाही.

आम्हाला खिडकीवर तीन दिवस एकच उत्तर, "सीरम संपलंय, उद्या या." आणि मी शहाण्यासारखा रोज 'उद्या' जात राहिलो! लसीच्या पहिल्या डोसपासून सातच दिवस हे घेता येतं, हे खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं नाही. त्यानंतर शरीराच्या अँटिबॉडी तयार व्हायला लागतात, बाहेरच्या त्यात अडथळा आणू शकतात. पाचव्या दिवशी दुसरीकडे मिळालं, घोड्याच्या रक्तापासूनचं. माणसाच्या रक्तापासूनचंही असतं, पण महाग. ऐपत नसेल तर घोड्याचं घ्या, अडून बसू नका, असं माझं मत. (मी डॉक्टर नाही. ॲलर्जीचं त्यांना आधी सांगा.)

लसीचं कार्ड मात्र जपा. गेल्या दिवाळीत पोराला पुन्हा कुत्रा चावला. आधीचा कोर्स पूर्ण असल्याने शरीराला आठवण होती, सीरम लागलंच नाही. त्या दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक, लसीच्या दोन डोसात सुटलो. कार्ड सापडलं नसतं तर सगळं पहिल्यापासून.

आज गुरुवार, म्हणजे लसीचा दुसरा डोस आजच असणार. निघण्याआधी दोन-तीन ठिकाणी फोन करून सीरम आहे का विचारा, आणि मुलीचं वजन करून जा. सीरमचा डोस किलोवर ठरतो, घोड्याचं असेल तर किलोला ४० युनिट, माणसाचं असेल तर २०. सीरम घ्यायला येता सोमवार शेवटचा.