उरलंय खरं, पण द्यायचं कुणाला आणि कसं?

मागच्या अंकात लग्नातल्या जेवणाच्या नासाडीबद्दल चार ओळी लिहिल्या तर सोलापुरातनं पत्रांचा पाऊसच पडला. सगळी घेता येणार नाहीत, तीन घेतो. पहिल्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथं खरी गोम आहे.

प्रश्न : जुळे सोलापुरात आमची छोटी खानावळ आहे. रोज रात्री बंद करताना दहा-बारा माणसांचं जेवण उरतं, भात, आमटी, एखादी भाजी, भाकऱ्या. टाकताना जीव तुटतो ओ. एखाद्या आश्रमाला द्यावं म्हणते पण आमचे मिस्टर म्हणतात कुणाचं पोट बिघडलं तर केस आपल्यावर. काय करू?

उत्तर : ताई, मिस्टरांची भीती खोटी नाही, फुकट दिलं म्हणून खराब अन्नाची जबाबदारी सुटत नाही. पण म्हणून टाकून द्यायची पण गरज नाही. एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, २०१९ मध्ये उरलेलं अन्न गोळा करून वाटायचे वेगळे नियमच केलेत, देणाऱ्यानं काय पाळायचं आणि वाटणाऱ्या संस्थेनं काय पाळायचं ते त्यात आहे. तुमचं खानावळीचं रजिस्ट्रेशन असेलच, संस्थेला पण विचारा की तुमचं आहे का, आणि डब्यावर साधी चिठ्ठी चिकटवा : पदार्थ कोणता, किती वाजता शिजवला, शाकाहारी की मांसाहारी, कुठून आला. एक वही ठेवा, काय दिलं कधी दिलं कुणी नेलं, सही घ्या. उद्या काही विचारणा झालीच तर ती वहीच तुमच्या बाजूनं बोलेल.

आता खरा घोळ, तो म्हणजे घड्याळाचा. तुम्ही बंद करता रात्री अकराला, आणि आश्रमातली म्हातारी माणसं साडेसातला जेवून झोपलेली असतात. मग ते जेवण सकाळपर्यंत ठेवणार कोण आणि कुठं? शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर वाफाळतं पाहिजे नाहीतर ५ अंशांच्या खाली थंडगार, मधल्या कोमटात जंतू फोफावतात. बाहेर ठेवायचं तर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली की एकच तास. आपला मे महिना ४२-४३ चा, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

भाताचं तर वेगळंच आहे. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवून पण मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करून जात नाही. मी एकदा हे डोळ्यानं बघितलंय. एका कार्यालयात दुपारी एकची पंगत, फोन केला पाचला, मोठ्या पातेल्यात मसालेभात झाकून ठेवलेला. न्यायला आलेल्या पोरानं झाकण काढलं, आतून पाणी टपकलं, वरून भात मस्त दिसत होता. त्यानं लांब डाव घालून तळातला भात वर काढला तर आंबूस वास. मी म्हटलं अरे अजून गरम आहे की, तर म्हणतो काका, गरम आहे म्हणूनच गेलाय. सगळं पातेलं खड्ड्यात. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, भात उरेल असं वाटलं की आधी परातीत पातळ पसरा, वाफ जाऊ द्या, मग लगेच फ्रीजला.

म्हणून ताई, अकराची वाट बघू नका. साडेआठ-नऊला गिऱ्हाइकाचा अंदाज येतोच की तुम्हाला, तेव्हाच पातेल्यातलं बाजूला काढा, डाव न लागलेलं. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर पेशंटचे नातेवाईक त्या वेळेला जागे असतात, अक्कलकोट-धाराशिवकडनं आलेले, तिथं वाटप करणाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. गिऱ्हाइकाच्या ताटातलं, टेबलावर उघडं ठेवलेलं, दह्याची कोशिंबीर, हे अजिबात द्यायचं नाही. आणि भाकरीचं काय टेन्शन घेताय, मंद तव्यावर कडक करून ठेवा, कडक भाकरी काय सोलापूरकराला शिकवायची! शेंगाचटणीची पुडी सोबत दिली तर माणूस आशीर्वाद देईल. बाकी रोजच दहा माणसांचं उरत असेल तर किलोभर तांदूळ कमी भिजवा, तेवढा कोराच महिन्याला आश्रमाला द्या, त्यांना तो जास्त कामाचा.

प्रश्न : माझं मिठाई-बेकरीचं दुकान आहे. तारीख उलटायला आलेला माल संस्थेला दिला तर चालतं का? (नवी पेठ)

उत्तर : उलटायला आलेला चालतो, उलटलेला नाही. तुम्हाला माहीतच असेल, १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर पण बेस्ट बिफोर लिहावं लागतं, तीच तारीख बघा आणि एक-दोन दिवस हातात असताना द्या, खव्याचं असेल तर त्याच दिवशी. टोस्ट-खारी निवांत टिकते. आणि बर्फीचे ट्रे वृद्धाश्रमात नेऊन ठेवू नका हो, निम्म्यांना शुगर असते, बिचारी समोर बघत बसतात. शाळेतल्या पोरांना द्या.

प्रश्न : पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, ५०० माणूस. व्हॉट्सअॅपवर मेसेज आलाय की जेवण उरलं तर १०९८ ला फोन करा, ते लोक येऊन घेऊन जातात. खरं आहे का?

उत्तर : नाही रे बाबा. हा मेसेज किती वर्षं फिरतोय देव जाणे. १०९८ ही संकटातल्या मुलांची हेल्पलाइन आहे, तुम्ही पनीरसाठी लाइन अडवून धरली तर तिकडं एखाद्या पोराचा फोन लागायचा नाही. तुम्ही असं करा, एखादी संस्था आत्ताच गाठा, त्यांना पंगत किती वाजता उठणार, गाडी कधी पाहिजे ते सांगून ठेवा. आचाऱ्याला सांगा की सगळी पातेली एकदम वाढायला काढायची नाहीत, शेवटचं पातेलं लागलं तरच उघडायचं. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करणार असाल तर ती पहिल्यांदा संपते, तिची काळजी नको, भाताचं प्रमाण मात्र कमी धरा. आणि हे सगळं आचाऱ्याशी आजच बोला, लग्नाच्या दिवशी तो तुमचा फोन उचलणार नाही.