‘माइंड’ला होकार द्यायचा तो कसा?

‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ असे कोणी विचारले आणि खिडकी उघडायला आपली तयारी असली, तर उत्तर ‘येस’ द्यावे की ‘नो’, अशी पृच्छा आहे. मराठी बोलताना आपण सर्रास वापरतो ते ‘माइंड करू नका’ इंग्रजीत तसेच चालते का, असेही सोबत विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नो’ असे आहे. आपला घोटाळा होतो तो यामुळे, की हे वाक्य कानावर पडताच आपण मनात ‘जरा खिडकी उघडता का?’ असा त्याचा अर्थ लावतो आणि त्या अर्थाला ‘हो’ म्हणून मोकळे होतो. शब्द मात्र ‘खिडकी उघडायला तुमची काही हरकत आहे का?’ असे विचारत असतात, त्यामुळे नुसत्या ‘येस’चा शब्दशः अर्थ ‘हो, हरकत आहे’ असा होतो. प्रत्यक्ष बोलण्यात इंग्रजीभाषकही ‘शुअर’ म्हणून उठतात आणि खिडकी उघडतात. तिथे स्वर आणि कृती अर्थ सांभाळून घेतात. ईमेलमध्ये तो आधार नसतो, म्हणून लिहिताना ‘नॉट अ‍ॅट ऑल’ हेच उत्तर निर्धोक.

रचनेकडेही लक्ष द्यायला हवे. ‘वुड यू माइंड’नंतर ‘टु ओपन’ येत नाही, ‘ओपनिंग’च येते, आणि तेव्हा खिडकी समोरच्याने उघडायची असते. ती मी उघडणार असेन, तर ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?’ असे भूतकाळी रूप वापरतात. ‘डू यू माइंड’ने सुरुवात केली, तर साधे ‘ओपन’ पुरते.

हा हरकतीचा अर्थ या क्रियापदाला आला कुठून, हे पाहणे मला फार मोलाचे वाटते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा पूर्वज ‘स्मृती’ या अर्थाचे नाम होता आणि त्याचे मूळ आपल्या ‘मन’ व ‘मती’ या शब्दांच्या मुळाशी एकच आहे. स्कॉटलंडमध्ये ‘माइंड’ म्हणजे ‘आठवणे’ हा अर्थ अजून बोलण्यात आहे, आणि ‘रिमाइंड’मध्ये तर तो सर्वांच्याच परिचयाचा आहे. आठवणीत ठेवण्यावरून लक्ष ठेवणे आले. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८च्या सुमारास सुरू झालेली ‘माइंड द गॅप’ ही सूचना डबा आणि फलाट यांच्यामधल्या फटीकडे लक्ष द्यायला सांगते, आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीला ‘चाइल्डमाइंडर’ म्हणतात. ज्या गोष्टीकडे लक्ष जाते तीच कधी मनाला लागते, आणि मनाला लागलेली गोष्ट हरकतीचे कारण होते. मराठीत ‘मनात ठेवणे’, ‘मनावर घेणे’ आणि ‘मनाला लावून घेणे’ असे तीन निराळे वाक्प्रचार जी कामे करतात, ती इंग्रजीत हे एकच क्रियापद करते.

हरकतीच्या अर्थाने मात्र ते बहुधा प्रश्नात किंवा नकारातच वावरते. ‘चहा की कॉफी?’ याला ब्रिटिश माणूस ‘आय डोंट माइंड’ म्हणतो, म्हणजे त्याला दोन्ही चालेल. तिथे ‘आय डोंट केअर’ म्हटले, तर ते तुटक आणि उद्धट वाटते. रांगेत धक्का देणाऱ्याला तुसडेपणाने ‘डू यू माइंड!’ म्हटले जाते तेव्हा ती परवानगी नसते, खडसावणे असते.

आता ‘माइंड करू नका’. ‘एक सांगू का, माइंड करू नका’ यातला आपला अर्थ ‘राग मानू नका’ असा असतो. त्याचेच ‘प्लीज डोंट माइंड’ हे रूप भारतीय इंग्रजीत रुळले आहे आणि आपल्याकडे ते बिनदिक्कत समजते, म्हणून त्याला चूक ठरवण्याचे मला कारण दिसत नाही. परदेशी श्रोत्याला मात्र ते अपुरे वाटण्याचा संभव आहे, कारण कशाला ‘माइंड’ करायचे नाही, हे त्यात येत नाही. ‘डोंट माइंड मी’ म्हणून ते पुरे करू पाहिले, तर अर्थच बदलतो: ‘माझ्याकडे लक्ष देऊ नका, तुमचे चालू द्या.’ अशा ठिकाणी ‘आय होप यू वोंट माइंड मी सेइंग धिस’ हे वाक्य आपल्या मनातला अर्थ नेमका पोहोचवते, आणि मराठीत बोलत असाल तर ‘राग मानू नका’ आहेच. त्यातले ‘मानणे’ही त्याच ‘मन्’ धातूचे आहे.